पावसाळ्यात बुरशी न धरणारं कपाट (आणि गोव्यातल्या घरांसाठी थोडं इतर फर्निचर)

चिरेबंदी

गोव्यात कपाट करून घेताना बोलणं होतं ते सनमायकाच्या रंगाचं, आरशाचं आणि ड्रॉवर किती याचं. जुलैत त्या कपाटाच्या आत काय होणार हे कोणी विचारत नाही. मग चवथीला रेशमी कपडे बाहेर काढले की घड्यांवर पांढरे-हिरवे ठिपके सापडतात. इथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. त्या दिवसांत हवेचा दमटपणा ८५-९० टक्क्यांच्या आसपास आठवडेच्या आठवडे टिकतो. कापडाजवळचा दमटपणा सलग काही दिवस ७५-८० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला दुसरं काही लागत नाही.

नेहमीच्या कपाटात तीन गोष्टी चुकतात. पाठ बाहेरच्या भिंतीला टेकवलेली असते. ती भिंत पश्चिमेची किंवा नैर्ऋत्येची आणि चिऱ्याची (जांभ्या दगडाची) असेल तर पाऊस थेट तिच्यावर बसतो. चिरा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो आणि थंड राहतो. त्याला चिकटलेल्या प्लायच्या मागे हवा अडकते. म्हणून बुरशी बहुधा पाठीच्या खालच्या कोपऱ्यातून सुरू होते. दुसरी चूक, तळ जमिनीला आणि माळा छताला भिडवलेला. तिसरी, कप्पे अखंड फळीचे आणि भिंतीपासून दारापर्यंत ठासून भरलेले, त्यामुळे मधल्या घडीपर्यंत हवा जातच नाही.

म्हणून हा आराखडा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये.

बाहेरचं माप रुंदी १२००, खोली ६००, उंची २१००. त्यातले खालचे १०० पायांचे: लाद्यांवर चालणारे, उंची कमीजास्त करता येणारे पीव्हीसीचे सहा पाय. फरशी पुसताना पाणी लाकडाला लागत नाही, वाळवी चढू लागली तर तिची मातीची वाट लगेच दिसते, आणि खालून हवा येते. भिंतीपासून ५० अंतर. मागे दोन ठोकळे लावले की कपाट कोणी ढकललं तरी अंतर जात नाही. छतापासून किमान १५० मोकळे.

सांगाड्याला १८ मि.मी. मरीन प्लाय. ८ बाय ४ फुटांच्या शीटमधून ६०० रुंदीच्या दोन लांब पट्ट्या निघतात. पहिल्या शीटमधून दोन बाजू (२००० × ६००). दुसरीतून वर-खालचे दोन तुकडे (११६४ × ६००) एका पट्टीत आणि मधला उभा पडदा (१९६४ × ५८०) दुसरीत. तिसऱ्या शीटमधून दोन पल्ले. एकूण तीन शीट.

पाठ अखंड नाही. ६ मि.मी. प्लायच्या सहा आडव्या पट्ट्या, प्रत्येकी ३०० रुंद, दोन पट्ट्यांत ४० ची फट. सहा गुणिले ३०० आणि पाच गुणिले ४०, बरोबर २००० होतात. फटींना आतून बारीक जाळी, नाहीतर झुरळं आणि पाली मुक्कामाला येतील. पट्ट्या बाजूंना आणि मधल्या पडद्याला गोंद आणि स्क्रू दोन्हींनी बसवायच्या. कपाट काटकोनात राहतं ते पाठीमुळे, त्यामुळे इथे नुसते खिळे चालणार नाहीत.

कप्पे सागाच्या पट्ट्यांचे: ४० × १८, मध्ये १२ ची फट. दहा पट्ट्यांत ५०८ खोली होते, म्हणजे मागे आणि पुढे मिळून ७० च्या आसपास जागा उभ्या हवेला मिळते. एका बाजूला चार कप्पे धरले तर ४० पट्ट्या, प्रत्येकी ५७३ लांब, सुमारे ७५ रनिंग फूट. दुसरी बाजू हँगरसाठी.

पल्ल्यांना खाली २०० आणि वर १५० उंचीची, ४५ अंशांतल्या पातींची झडप. पूर्ण पल्ला पातींचा केला तर तो धूळ धरतो आणि दर आठवड्याला पुसत बसावं लागतं.

आणि तळाशी २५ वॅटचा बल्ब, जुन्या घरांत लावत तसा. यात कमी काय आहे ते सांगा.

रंधा

आराखडा आवडला, विशेषतः पाठ. साहित्यावर लिहितो.

"मरीन" हा शब्द दुकानात सगळ्यांवर लावतात. शीटवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. आयएस ३०३ या साध्या प्लायच्या मानकात एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) असे दोन दर्जे येतात. त्यातला एमआर युरिया गोंदाचा, तो गोव्यात बाहेरच्या भिंतीजवळ वापरू नये. ७१० चा गोंद फिनॉलचा, ७२ तास उकळून तपासतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाचं इथे नावच नको. कडेतून पाणी आत गेलं की ते फुगतं, आणि फुगलेलं परत बसत नाही.

प्लाय पाणी पिते ती चेहऱ्यापेक्षा कडेतून जास्त. म्हणून पाठीच्या पट्ट्यांच्या, पल्ल्यातल्या झडपेच्या कापाच्या आणि खालच्या तुकड्याच्या सगळ्या कडा सील झाल्या पाहिजेत. दिसणाऱ्या कडांना २ मि.मी. पीव्हीसी पट्टी किंवा सागाची लिपिंग (कडेवर चिकटवायची बारीक पट्टी), न दिसणाऱ्यांना पॉलिशचे दोन हात. मेस्त (सुतार) न दिसणाऱ्या कडा सोडून देतो, तिथे उभं राहून करून घ्या.

पल्ल्याला बाहेरून १ मि.मी. सनमायका आणि आतून नुसता रंग, असं केलं तर पहिल्याच पावसात पल्ला वाकतो. एक बाजू दमटपणा घेते, दुसरी घेत नाही. आतून ०.८ चा लायनर (आतल्या बाजूचा पातळ सनमायका) लावा, त्याच दिवशी, त्याच गोंदाने. २००० उंचीच्या पल्ल्याला चार बिजागऱ्या, तीन नको.

सागाच्या ४० च्या पट्ट्या हा निर्णय योग्य. ३०० रुंदीची अखंड सागाची फळी उन्हाळा आणि पावसाळा यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर फुगते-आकसते. ४० च्या पट्टीत तो फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहतो आणि १२ च्या फटीत जिरतो. फणस किंवा माटी (ऐनाचं लाकूड) वापरली तरी चालेल, पण माटी जास्त हलते आणि नीट सुकवलेली मिळणं कठीण. हेच ड्रॉवरचं. मे महिन्यात चपखल बसवलेला लाकडी ड्रॉवर जुलैत उघडत नाही. वर आणि बाजूला ३ मि.मी. मोकळे सोडा.

दवबिंदू

बल्बबद्दल लिहायलाच हवं, कारण हा उपाय सगळे सांगतात आणि आकडे कोणी मांडत नाही.

हवा तापवली की तिच्यातलं पाणी कमी होत नाही, पण सापेक्ष दमटपणा (त्या तापमानाला हवा जितकं पाणी धरू शकते त्यातला वाटा) उतरतो. २७ अंशांची ९० टक्के दमट हवा ३१ अंशांवर नेली की दमटपणा ७१ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे चार अंश पुरे. प्रश्न असा की २५ वॅट चार अंश देतात का?

तुमच्या कपाटाचा बाहेरचा पृष्ठभाग जवळजवळ ९ चौरस मीटर. १८ मि.मी. प्लायमधून दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे अडीच वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे आतलं तापमान एक अंश वर ठेवायला २२-२३ वॅट लागतात. फटी आणि झडपांतून जाते ती वेगळीच. २५ वॅटचा बल्ब जेमतेम एक अंश देईल आणि ९० टक्के ८५ वर येतील. बुरशी तशीच. चार अंशांसाठी शंभर वॅटच्या पुढे जावं लागेल, म्हणजे दिवसाला अडीच युनिट आणि कपड्यांत तापलेली वस्तू.

उष्णता फुकट जाते ती आकारामुळे. म्हणून सगळं कपाट तापवू नका, एक उबदार खण करा. हँगरच्या बाजूला खाली ५७३ रुंद, ५५० खोल, ६०० उंच असा बंद खण घेतला तर पृष्ठभाग २ चौरस मीटरच्या आसपास येतो. त्यात २५ वॅट चार-साडेचार अंश देतात. दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८. चामड्याचे पट्टे, पर्स, लोकरी कपडे, रेशीम हे सगळं इथे. या खणाला पाठ अखंड हवी. खाली एक आणि वर एक २५ व्यासाचं जाळी लावलेलं भोक पुरे, म्हणजे कपड्यांतून सुटलेली वाफ बाहेर जाते पण ऊब राहते.

बल्ब नको. एलईडीत तेवढी उष्णता नसते आणि जुन्या तारेच्या बल्बची काच कापड जाळण्याइतकी तापते. इलेक्ट्रिकच्या पॅनेलमध्ये दव धरू नये म्हणून जो स्पेस हीटर लावतात तो घ्या, २० ते ३० वॅटचा, सोबत दमटपणावर चालू-बंद होणारा स्विच. त्यावर छिद्रांच्या पत्र्याचं आवरण, कपड्यांपासून १५० अंतर, आणि ती लाईन ईएलसीबीवरून (वीज गळली की लाईन तोडणाऱ्या स्विचवरून) आलेली असावी. हे काम मेस्ताचं नाही, वायरमनचं.

चिरेबंदी

हे फार उपयोगाचं. बल्ब काढला. पण मग बाकीच्या कपाटाचं काय? तिथे फटी ठेवून फायदा किती?

दवबिंदू

फटी ठेवून कपाट कोरडं होत नाही. ते खोलीइतकंच दमट राहतं, खोलीपेक्षा जास्त नाही. थंड भिंतीशी अडकलेली हवा जाते, कोपरे मरत नाहीत. आणि मुख्य म्हणजे खोली कोरडी केली तर कपाटही कोरडं होतं. खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं यंत्र) किंवा एसी चालतो आणि कपाट मात्र बंद डबा, असं असेल तर त्या कोरड्या हवेचा कपड्यांना उपयोग शून्य.

एसीची एक गोम. २८ अंश आणि ८५ टक्के हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवा पाणी सोडू लागते ते) २५ अंशांच्या आसपास असतो. रात्रभर खोली २३-२४ वर ठेवून सकाळी उठल्या उठल्या खिडक्या उघडल्या की बाहेरची हवा थंड पल्ल्यांवर, आरशावर, कपाटाच्या पाठीवर पाणी सोडते. आधी एसी बंद करा, पंखा लावा, खोली तापू द्या, मग खिडकी.

आणि झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालू नका. मशीनमधून पिळून निघालेल्या सहा किलो कपड्यांत तीन लिटरच्या आसपास पाणी असतं. ते सगळं खोलीच्या हवेत येतं आणि तिथून कपाटात. आत वाळवायचेच असतील तर बाहेर हवा फेकणारा पंखा असलेल्या खोलीत, दार लावून.

अबोली

रेशमी साड्यांसाठी उबदार खण एवढा मोठा नाही. सिलिका जेलच्या पुड्या मोठ्या कपाटात ठेवल्या तर? आणि कापूर, डांबराच्या गोळ्या?

दवबिंदू

डांबराच्या गोळ्या, कापूर, कडुलिंबाचा पाला हे सगळं किड्यांसाठी. पाण्याला त्यातलं काहीच धरत नाही.

सिलिका जेल मोठ्या कपाटात वाया. पाणी हवेत थोडं असतं, खरं ते कपड्यांत असतं. दीड घनमीटर हवा ९० वरून ६० टक्क्यांवर आणायला १२ ग्रॅमच पाणी काढावं लागतं. पण सुती कापड ६५ टक्के दमटपणाला वजनाच्या ७-८ टक्के पाणी धरतं आणि ९० टक्क्यांना १२ च्या वर. वीस किलो कपडे धरले तर पाऊण लिटरहून जास्त पाण्याचा फरक. अर्धा किलो सिलिका जेल आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पाणी घेतं, म्हणजे १५०-१७५ ग्रॅम. आणि कपाटाला फटी आहेत, तेव्हा ते गोव्याचं आभाळ सुकवायला निघेल.

साड्यांसाठी उपाय डब्याचा. रबराची गॅस्केट असलेला, क्लिप लावायचा ३०-४० लिटरचा डबा, त्यात २५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत, आणि एक छोटं दमटपणा मोजायचं यंत्र. साड्या डब्यात घालायच्या त्या जानेवारी-फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना, एक दिवस सावलीत पसरून. जुलैत भरलेल्या डब्यात दमटपणाच कोंडला जातो. यंत्र ६० च्या वर गेलं की जेल बदला. वापरलेलं जेल ११०-१२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये तापवलं की परत चालतं. ताटात एकेरी थर पसरावा, कापडी पिशवीसकट तापवू नये. रंग बदलणारं घ्यायचं तर केशरी घ्या. निळ्या-गुलाबी जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते घरात नको.

बाजारात डबी मिळते ती कॅल्शियम क्लोराईडची, जिच्यात खाली पाणी साठतं. काम करते, पण ती उलटली तर ते पाणी कपड्याला डाग पाडतं आणि धातू खातं. जरीच्या साड्यांच्या डब्यात अजिबात नको.

अबोली

देव बरें करूं. जानेवारीत भरायचं हे आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

खारा_वारा

लोखंडाकडे कोणी बघितलंच नाही. समुद्रापासून एक-दोन किलोमीटरवरच्या घरात कपाट बिजागरीपासून मरतं.

दुकानात "एसएस" (स्टेनलेस स्टील) म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा २०२ या हलक्या दर्जाचं असतं, हवं ते ३०४. चुंबकाने ओळखता येतं हा समज काढून टाका: २०२ लाही चुंबक लागत नाही, ३०४ लाही नाही. रसायनाचा थेंब टाकून ओळखायची बाटली हार्डवेअरवाल्याकडे असते, ती मागा. खाऱ्या वाऱ्यात ३०४ वरही तपकिरी डाग येतात, पण ते पुसले जातात आणि पत्रा टिकतो. अगदी किनाऱ्यावर, विशेषतः बाल्कांवात (घरापुढच्या उघड्या ओसरीत), ३१६.

हायड्रॉलिक बिजागऱ्या साध्या पोलादाच्या, वर निकेलचा मुलामा, अशा असतात. एसएसच्या मिळतात, महाग पडतात. परवडत नसेल तर साधी पितळी बिजागरी जास्त वर्षं जाते, फक्त दार आपलं आपण हळू लावायचं. पितळी स्क्रू सागात सरळ पिळला तर मान तुटते. आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढायचा, मग साबण लावून पितळी.

जाळी फायबरची घ्या. लोखंडी जाळीचा गंज पांढऱ्या कपड्यावर उतरला की जात नाही.

मांडवी

फर्निचरचाच धागा आहे म्हणून विचारते. छोट्या फ्लॅटमध्ये भिंतीला दुमडून बसणारं टेबल करायचं आहे, ९०० × ५००. भिंत जुनी, चिऱ्याची. रॉलप्लग (स्क्रू धरायला भिंतीत घालतात ते प्लग) फिरतात.

रंधा

फिरणारच. चिऱ्यात पोकळ्या असतात आणि ६ मि.मी. चा प्लग त्यात धरत नाही. त्याशिवाय वर १५-२० मि.मी. प्लास्टर, त्यामुळे ५० चा स्क्रू खऱ्या चिऱ्यात जेमतेम ३० जातो.

आधी ओढ किती ते बघा. कोणी पुढच्या कडेवर हात टेकून ४० किलो भार दिला, कडा भिंतीपासून ५०० वर, ब्रॅकेटचा उभा हात ३०० असेल, तर वरच्या स्क्रूंना ४० × ५०० ÷ ३०० म्हणजे ६७ किलो ओढ. दोन ब्रॅकेटांत वाटली तर प्रत्येकी ३३-३४. तोच उभा हात १५० चा घेतला की ओढ दुप्पट. लोक स्वस्त, बुटके ब्रॅकेट आणतात आणि दोष भिंतीला देतात.

ब्रॅकेट थेट भिंतीत नको. ७५ × २५ ची सागाची पट्टी, १००० लांब, वर एक आणि ३०० खाली दुसरी. प्रत्येक पट्टीला सहा ठिकाणी १० मि.मी. जाडीचे, १०० लांब नायलॉन फ्रेम प्लग. भोक पाडताना ड्रिलचा हॅमर (ठोके) बंद, नुसतं फिरवून. हॅमरने चिरा आत फुटतो आणि भोक तेराचं होतं. एखादं भोक पोकळीत गेलं तर ते सोडून ४० बाजूला घ्या, किंवा रासायनिक अँकर (भोकात भरायचा, घट्ट होणारा गोंद) जाळीच्या नळीसकट. नव्या इमारतींत एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक असतात, तिथेही हॅमर बंद.

फळी १८ चा ७१० प्लाय, दोन्ही बाजूंनी सनमायका, पियानो बिजागरी पूर्ण ९०० लांबीची. फळीच्या पुढच्या कडेला दुमडणारा एक पाय देता आला तर वरची सगळी गणितं सोपी होतात. शिलाई मशीन ठेवणार असाल तर पाय द्याच.

बाल्कांव

त्याच धर्तीवर एक कल्पना. बाल्कांवातला सोपो (बांधीव बाक) बसायला असतो, पण पावसात त्याच्यासमोर चपला आणि छत्र्यांचा ढीग होतो. सोप्यासमोर सरकवता येईल असं पट्ट्यांचं बाक: उंची ४३०, खोली ३५०, लांबी ९००. खाली चपलांचे दोन कप्पे, पुढे १५ अंश उतरते, त्याच ४० × १८ च्या पट्ट्या. सगळ्यात खाली एसएसचा ओढून काढायचा ट्रे, मागच्या बाजूला १० मि.मी. उंच ठेवला की पाणी पुढच्या कोपऱ्यात जमतं आणि रोज ओतता येतं. छत्र्यांसाठी बाजूला चार कड्या, ट्रेच्या वर. उभ्या नळकांड्यात छत्री ठेवली की तिच्या टोकाशी पाणी राहतं आणि काड्या गंजतात.

बंद दाराचा चपलांचा खोका मात्र पावसाळ्यात अजिबात नको. ओली चामडी चप्पल त्यात दोन दिवसांत पांढरी होते.

चिरेबंदी

बाक छान, त्याचं वेगळं रेखाटन टाका. कपाटाचा शेवटचा प्रश्न: जागा कमी म्हणून सरकते पल्ले केले तर?

रंधा

सरकत्या पल्ल्यांत एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, त्यामुळे मोकळी हवा अर्धी. दोन पल्ले एकमेकांवर येतात तिथल्या १५-२० मि.मी. च्या चिरेत हवा खेळत नाही, झडपाही एकमेकांना झाकतात. खालच्या रुळात धूळ आणि ओलावा साठून चाकं अडतात. करायचेच असतील तर वरून टांगलेला रूळ घ्या, खाली फक्त दिशा देणारी पट्टी, आणि झडपा एका पल्ल्याला वर तर दुसऱ्याला खाली. बाजूंच्या प्लायलाही वर-खाली जाळीची भोकं द्यावी लागतील.

काम कधी काढायचं तेही ठरवा. पॉलिश मार्च-एप्रिलमध्ये संपलं पाहिजे. जूनमध्ये मारलेलं लॅकर दमटपणा धरून पांढुरकं पडतं, मग ते थिनर मारून दुरुस्त करत बसावं लागतं. आणि पॉलिश झाल्यावर किमान दोन आठवडे पल्ले उघडे ठेवून कपाट रिकामं ठेवा, वास गेल्याशिवाय कपडे भरू नका.